कॅरव्हॅन घेऊन नातेवाइकांकडे: मेलबर्न ते टुवूम्बा, न्यूएल हायवेच्या वाटेनं

ऑस्ट्रेलियातली मराठी घरं आता सिडनी-मेलबर्नच्या उपनगरांपुरती राहिलेली नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ४९१ क्रमांकाच्या व्हिसावर आलेल्यांना सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून इतरत्रच राहावं आणि काम करावं लागतं. त्यामुळे भाऊ-वहिनी बेंडिगोला, मावसबहीण वॉगा वॉगाला, कॉलेजचा मित्र डबोला आणि लेक-जावई टुवूम्बाला, अशी पांगापांग सर्रास दिसते. दोघांनी या सगळ्यांना एका फेरीत भेटायचं असेल तर कॅरव्हॅनसारखी सोय नाही. यजमानाकडे जादा खोली असो-नसो, तुमची गादी, तुमची औषधं, तुमचं स्वयंपाकघर बरोबर असतं, आणि चार दिवस राहिलात तरी त्यांच्या घडीला धक्का लागत नाही.

मात्र अशा प्रवासात अडचण बहुतेक वेळा हायवेवर येत नाही, ती यजमानाच्या फाटकाशी येते. कॅरव्हॅन वळत नाही, प्लग बसत नाही, टाकीचं पाणी पुरत नाही, सेप्टिक टँक बिघडते. म्हणून इथे रस्त्याइतकीच अंगणाची तयारी सांगितली आहे. उदाहरणासाठी दोघांना पुरेल अशी १९ फुटी, दोन अ‍ॅक्सलची कॅरव्हॅन आणि ती ओढणारी डिझेल यूट (मागे सामानाचा हौदा असलेली गाडी) धरली आहे.

आधी वजन

गाडीच्या जाहिरातीत '३,५०० किलो ओढते' असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच थांबतो. तो तिथून सुरू व्हायला हवा.

कॅरव्हॅनच्या पाटीवर दोन आकडे पाहा: टेअर आणि एटीएम. टेअर म्हणजे कारखान्यातून निघतानाचं रिकामं वजन. एटीएम म्हणजे सामान आणि पाणी धरून कायद्यानं चालणारं जास्तीत जास्त वजन. समजा टेअर २,१०० आणि एटीएम २,६०० आहे, म्हणजे हातात ५०० किलो आले. ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० किलो गेले. ९ किलोच्या दोन सिलिंडरांतला गॅस १८ किलो. राहिले २९२. त्यात बिछाना, भांडी, कपडे, खुर्च्या, हत्यारं, पाइप, वायरी, किराणा सगळं बसवायचं. विकत घेतल्यावर बसवलेली दुसरी बॅटरी, सोलर पॅनेल किंवा बाजूचा तंबू हेसुद्धा याच २९२ मधून वजा होतं. पाटीवरच्या टेअरला त्याचा पत्ता नसतो.

आता गाडीची बाजू. कॅरव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टोबॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर, यायला हवा, इथे सुमारे २६० किलो. हे वजन गाडीच्या पाठीवर बसतं आणि गाडीच्या जीव्हीएममध्ये, म्हणजे भरलेल्या गाडीच्या कमाल वजनात, मोजलं जातं. दोन माणसं, पुढचा बुलबार, मागचा फ्रिज, हत्यारांची पेटी आणि वर हे २६० किलो, एवढ्यात बऱ्याच यूटची मर्यादा संपते. तिसरा आकडा जीसीएम, म्हणजे गाडी आणि कॅरव्हॅन मिळून कमाल वजन. जीसीएम ६,००० आणि जीव्हीएम ३,१०० असेल, तर गाडी पूर्ण भरल्यावर मागे २,९०० किलोच ओढता येतील, जाहिरात काहीही म्हणो.

अंदाजावर राहू नका. सगळं सामान भरून सार्वजनिक वजनकाट्यावर जा आणि तीन वजनं घ्या. पहिलं, गाडी आणि कॅरव्हॅन दोन्ही काट्यावर. दुसरं, जोडलेल्या अवस्थेतच फक्त गाडीची चाकं काट्यावर. तिसरं, कॅरव्हॅन सोडून एकटी गाडी. पहिल्यातून तिसरं वजा केलं की कॅरव्हॅनचं खरं वजन मिळतं, त्याची तुलना एटीएमशी करा. दुसऱ्यातून तिसरं वजा केलं की टोबॉलवरचं वजन मिळतं. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणाऱ्या हिचचे (जोडणीचे) दांडे लावलेले असतील तर मोजताना ते सैल करा, नाहीतर आकडा कमी दिसतो. तिन्ही वेळा गाडीत तीच दोन माणसं आणि तितकंच डिझेल असू द्या.

सामान लावताना जड वस्तू खाली आणि अ‍ॅक्सलच्या आसपास. डाळी-तांदळाचे डबे, कुकर, लोखंडी तवा हे मागच्या भिंतीजवळच्या कपाटात कधीही ठेवू नयेत. मागच्या बंपरवर सायकली आणि पाण्याचे कॅन टांगणं त्याहून वाईट. मागे वजन वाढलं की टोबॉलवरचं कमी होतं आणि कॅरव्हॅन झुलायला लागते. टाक्या एकतर पूर्ण भरा नाहीतर रिकाम्या ठेवा, कारण अर्ध्या टाकीतलं पाणी हेलकावतं.

या वजनाच्या कॅरव्हॅनला सगळ्या चाकांवर ब्रेक लागतात. कॅरव्हॅन सुटली तर आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे यंत्रणा लागते, आणि एटीएम २,५०० किलोवर असल्यामुळे तिला गाडीशी बांधणाऱ्या सुरक्षेच्या साखळ्या दोन लागतात. इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर चालकाच्या हाताशी हवा. तो गाडीप्रमाणे जुळवून घ्यावा लागतो: सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० किमी वेगात फक्त कंट्रोलरचा हातब्रेक दाबा. कॅरव्हॅननं गाडीला मागे ओढल्याचं स्पष्ट जाणवलं पाहिजे, पण तिची चाकं जाम होऊन घासता कामा नयेत.

यजमानांना फोनवर काय विचारायचं

'या की, जागा भरपूर आहे' हे उत्तर प्रेमाचं असतं, मापाचं नसतं. आधी आपली मापं त्यांना कळवा: कॅरव्हॅनची ड्रॉबारसकट (पुढच्या जोडदांड्यासकट) लांबी (१९ फुटी म्हटली तरी बाहेरून सात मीटरच्या वर जाते), रुंदी सुमारे अडीच मीटर, छतावरच्या एसीसकट उंची तीन मीटर, गाडी जोडून एकूण लांबी तेरा मीटरच्या आसपास. मग फाटकाचा, फाटकासमोरच्या रस्त्याचा आणि जिथे उभी करायची त्या जागेचा फोटो मागवा. उपग्रह नकाशावर घर पाहिलं तर वळायला जागा आहे का हे बरंचसं कळतं, पण झाडाची खाली आलेली फांदी, पन्हळ आणि विजेची तार त्यात दिसत नाही. ते विचारावंच लागतं.

विचारायच्या बाकीच्या गोष्टी अशा. जमीन कशाची आहे? पावसानंतरच्या काळ्या मातीत अडीच टनांची कॅरव्हॅन रुतली तर ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. वाटेवरच्या मोरी गावापासून गूंडीविंडीपर्यंतच्या पट्ट्यात ही काळी माती सगळीकडे आहे, आपल्याकडच्या कापसाच्या जमिनीसारखीच, आणि तिथेही कापूसच पिकतो. ड्राइव्हवेला चढ किती? रस्ता संपून चढ सुरू होतो त्या कोनात कॅरव्हॅनचं ढुंगण घासतं. वजन वाटणाऱ्या हिचचे दांडे अशा जागी आधी काढून घ्यावेत, नाहीतर हिचवर भलता ताण येतो. पाणी नळाचं, पावसाच्या टाकीचं की बोअरचं? सांडपाणी नगरपालिकेच्या गटारात जातं की सेप्टिक टँकमध्ये? विजेचा पॉइंट कुठे आहे आणि किती अ‍ॅम्पिअरचा? घरात कोणी रात्रपाळी करतं का? छोट्या गावांतल्या इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या घरांमध्ये दिवसा झोपण्याची वेळ असते, तेव्हा त्यांच्या खिडकीखाली पंप आणि एसी लावून बसणं बरं नाही.

जागा जमत नसेल तर तसं सांगायला यजमानाला अवघड वाटतं. तो प्रश्न आपणच सोडवावा: गावचं शोग्राउंड (कृषी प्रदर्शनाचं मैदान) किंवा कॅरव्हॅन पार्क बुक करावं आणि जेवायला घरी जावं. छोट्या गावांच्या शोग्राउंडवर वीज, पाणी, न्हाणीघर मिळतं आणि पार्कपेक्षा स्वस्त पडतं. फक्त कृषी प्रदर्शनाच्या आठवड्यात ते बंद असतं. घरासमोरच्या रस्त्यावर कॅरव्हॅन लावून रात्र काढणं बहुतेक गावांत चालत नाही. अंगणातही दोन-चार रात्रींहून जास्त राहायचं असेल तर तिथल्या काउन्सिलचा (स्थानिक पालिकेचा) नियम यजमानांकडून विचारून घ्या.

वाट आणि वेळ

न्यूएल हायवे मरे नदीकाठच्या टोकमवालपासून क्वीन्सलंडच्या हद्दीवरच्या गूंडीविंडीपर्यंत सुमारे १,०६० किमी जातो. मेलबर्नपासून टोकमवाल २६० किमी, गूंडीविंडीपासून टुवूम्बा २२० किमी, असा एकूण साडेपंधराशे किमीचा पल्ला होतो. रोज तीनशे किमीच्या आत राहा आणि दुपारी तीनपर्यंत पोचा. उजेडात कॅरव्हॅन लावणं आणि अंधारात लावणं यात फार फरक आहे.

पहिला टप्पा टोकमवाल. दुसरा जेरिलडेरी, नॅरँडेरामार्गे वेस्ट वायलाँग. हा जरा लांब पडतो, म्हणून निघायला नऊच्या पुढे उशीर करू नये. वॉगा वॉगाला जायचं असेल तर नॅरँडेराहून पूर्वेला स्टर्ट हायवेनं साधारण १०० किमी. तिसरा टप्पा फोर्ब्स आणि पार्क्सवरून डबो. पार्क्सच्या उत्तरेला वीसेक किमीवर ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. ती १९६१ मध्ये सुरू झाली आणि अपोलो ११ या चांद्रमोहिमेची चित्रं टिपणाऱ्या केंद्रांपैकी ती एक होती. हायवेवरून थोडंच आत जावं लागतं आणि कॅरव्हॅन लावायला जागा आहे. चौथा टप्पा कूनाबाराब्रन आणि पिलिगाच्या जंगलातून नॅराब्राय. तिथे २२ मीटरच्या सहा तबकड्यांची दुर्बीण आहे. ठाणे-कल्याणच्या वाचकांना हे आवडेल: गोविंद स्वरूप यांच्या गटानं १९६५ मध्ये कल्याणला जी रेडिओ दुर्बीण उभारली, तिच्या ३२ तबकड्या सिडनीच्या पॉट्स हिलहून भारताला मिळालेल्या होत्या. पाचवा टप्पा मोरीमार्गे गूंडीविंडी. मोरीला जमिनीतून येणाऱ्या सुमारे ४१ अंशांच्या पाण्याचे तलाव आहेत. दिवसभर गाडी चालवून आखडलेल्या पाठीला ते बरे, पण रक्तदाब असलेल्यांनी थोडा थोडा वेळच बसावं. सहावा टप्पा टुवूम्बा.

चालवण्याचे दिवस सहा, पण प्रत्येक घरी निदान दोन रात्री धरल्या तर जायलाच दोन आठवडे लागतात. यजमानाला नोकरी असते, म्हणून शुक्रवार-शनिवारच्या रात्री त्यांच्या गावी पडतील असं वेळापत्रक मांडा आणि मधले वार रस्त्याला द्या. ईस्टर आणि शाळांच्या सुट्यांत पार्क महिने महिने आधी भरतात.

ऋतू पाहावा लागतोच. जून-जुलैत या पट्ट्यात दिवस छान कोवळ्या उन्हाचे असतात, पण रात्री शून्याखाली जातात आणि बाहेरच्या पाइपातलं पाणी गोठतं. झोपण्यापूर्वी पाइप सोडून ठेवा आणि सकाळच्या चहाचं पाणी आत भरून ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर गव्हाच्या कापणीचा हंगाम, रस्त्यावर धान्याचे ट्रक आणि रुंद यंत्रं. जानेवारी-फेब्रुवारीत चाळिशीचं ऊन. त्या काळात हा प्रवास करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पाऊस जोराचा झाला की वेस्ट वायलाँग ते फोर्ब्स हा सखल भाग पाण्याखाली जातो. २०२२ मध्ये तो तसा बंद पडला होता. रोज सकाळी न्यू साउथ वेल्सचं 'लाइव्ह ट्रॅफिक' पाहूनच निघा. उन्हाळ्यात क्वीन्सलंडचं घड्याळ न्यू साउथ वेल्सपेक्षा एक तास मागे असतं, हे गूंडीविंडीच्या पुढच्या यजमानांना वेळ कळवताना लक्षात ठेवा.

कॅरव्हॅन ओढताना डिझेल १०० किमीला १५ ते २० लिटर लागतं. १८ धरलं तर या वाटेला जाताना सुमारे २८० लिटर. समोरून वारा असेल तर खर्च आणखी वाढतो. टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या.

जोडताना

जोडणी एकानंच करावी आणि दुसऱ्यानं सगळं झाल्यावर तपासावी. दोघांनी मिळून करताना एक गोष्ट दोघांनाही 'दुसऱ्यानं केली असेल' असं वाटून राहते. मध्येच शेजारी गप्पा मारायला आला, तर सुरुवातीपासून पुन्हा तपासा.

१. कॅरव्हॅनचा हातब्रेक लावलेला आणि चाकांना ठोकळे दिलेले असताना गाडी मागे आणा. कपलिंग (ड्रॉबारच्या टोकाची खोबण) टोबॉलवर उतरवा आणि खटका लावा.

२. आता जॉकी व्हीलच्या (ड्रॉबारखालच्या छोट्या चाकाच्या) हँडलनं ड्रॉबार परत वर उचला. गाडीचं मागचं अंग त्याच्याबरोबर वर उचललं गेलं तर कपलिंग खरंच बसलं आहे. गाडी जागेवरच राहून कपलिंग सुटं वर आलं, तर ते टोबॉलवर नुसतंच टेकलेलं होतं. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि कॅरव्हॅन सुटण्याचं एक मोठं कारण इथेच पकडलं जातं.

३. साखळ्या ड्रॉबारखालून एकमेकींना छेद देऊन, वजनाचा शिक्का असलेल्या शॅकलनं (लोखंडी कडीनं) लावा. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल, रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड.

४. ब्रेकअवेची केबल गाडीला स्वतंत्र जागी अडकवा, साखळीला नाही. साखळी तुटली तर केबलनं काम करायचं असतं.

५. दिव्यांचा प्लग, फ्रिज-बॅटरीचा अँडरसन प्लग. एकानं मागे उभं राहून ब्रेक, इंडिकेटर, टेललाइट पाहायचे.

६. जॉकी व्हील काढून ठेवा, चारही कोपऱ्यांचे पाय पूर्ण वर, हातब्रेक सोडा, मग ठोकळे काढा. लांब आरसे लावा.

आतली बाजू: गॅस सिलिंडरवरच बंद, पाण्याचा पंप बंद, छताची झडप आणि खिडक्या बंद, फ्रिजचं दार आणि कपाटांच्या कड्या लावलेल्या, पायरी आत, अँटेना खाली, ऑनिंगचे (बाजूच्या गुंडाळत्या छपराचे) खटके पक्के. टायरची हवा थंड असताना मोजा. चाक बदललं असेल तर ५० ते १०० किमीनंतर नट पुन्हा आवळा.

रस्त्यावर

जीसीएम साडेचार टनांच्या वर असेल तर न्यू साउथ वेल्समध्ये ताशी १०० ही कमाल मर्यादा आहे, फलक ११० चा असला तरी. आमच्या मते ९० पुरे. पुढे दुसरं लांब वाहन असेल तर निदान ६० मीटर अंतर ठेवा. चालत्या कॅरव्हॅनमध्ये कोणीही बसायचं नाही.

कॅरव्हॅन डावी-उजवी झुलायला लागली तर पाऊल ब्रेककडे जातं आणि हात स्टिअरिंग उलट फिरवतात. दोन्हीनं झुलणं वाढतं. स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरचा हातब्रेक दाबून फक्त कॅरव्हॅनला ब्रेक लावा. ती मागे ओढली गेली की सरळ होते. मग पुढच्या थांब्यावर कारण शोधा: मागे वजन जास्त, टोबॉलवर कमी, टायरमध्ये हवा कमी, की वेग जास्त. बहुतेक वेळा यांपैकी एक असतं.

न्यूएलवर २६ मीटरचे बी-डबल (दोन ट्रेलरचे ट्रक) आणि त्याहून लांब रोड ट्रेन सतत असतात. असा ट्रक आपल्याला ओलांडत असताना त्याच्या पुढच्या हवेचा लोट आधी कॅरव्हॅनला बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आपल्या लेनमध्ये जरा डावीकडे, वेग स्थिर. तो पूर्ण बाहेर पडून शेजारी आला की अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल करा म्हणजे तो लवकर पुढे जाईल. तो ओलांडायला निघालेला असताना आधीच ब्रेक लावणं किंवा कडेच्या खडीवर उतरणं धोक्याचं. यूएचएफ रेडिओ ट्रकवाल्यांच्या ४० क्रमांकाच्या चॅनेलवर ठेवा आणि मागचा ट्रक दिसला की आपण त्याला वाट देतो आहोत एवढं सांगा. ५ आणि ३५ हे चॅनेल आणीबाणीचे, त्यांवर गप्पा मारायच्या नाहीत.

कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, पिलिगात विशेष. म्हणून सकाळी नऊनंतर निघावं आणि तीनच्या आत थांबावं. आडवा आलाच तर सरळ रेषेत ब्रेक मारा. त्याला चुकवायला स्टिअरिंग फिरवलं की कॅरव्हॅन उलटते.

दर दोन तासांनी थांबा आणि थांबल्यावर चाकांच्या मधल्या हबजवळ हाताची पाठ न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा फार तापलेला असेल तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक चिकटलाय. बेअरिंगचं ग्रीस दर १०,००० किमीला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, बदलून घ्यायचं.

अंगणात

फाटकाबाहेर थांबा, दोघं उतरा आणि आत चालत जाऊन जागा पाहून या. कॅरव्हॅन मागे घेताना शक्यतो उजवीकडे वळत जाईल अशी बाजू निवडा, कारण चालकाला खिडकीतून तीच बाजू दिसते. हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा: हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला कॅरव्हॅनचं मागचं अंग जातं. खाली उभ्या असलेल्यानं आरशात दिसत राहायचं, आणि तो दिसेनासा झाला की चालकानं लगेच थांबायचं. सूचना देणारा एकच. यजमान, त्यांची मुलं आणि शेजारी सगळे प्रेमानं हात हलवायला लागतात, त्यांना आधीच बाजूला उभं करा.

आधी डावी-उजवी पातळी करा, कॅरव्हॅन जोडलेली असतानाच खालच्या बाजूच्या चाकांखाली उतरत्या पट्ट्या देऊन. मग ठोकळे, हातब्रेक, आणि सोडल्यावर जॉकी व्हीलनं पुढची-मागची पातळी. कोपऱ्यांचे पाय फक्त डुगडुग थांबवण्यासाठी असतात. त्यांच्यावर कॅरव्हॅन उचलायला गेलात तर चॅसी वाकते आणि दार अडकायला लागतं.

वीज हा सगळ्यात नाजूक मुद्दा. कॅरव्हॅनचा प्लग १५ अ‍ॅम्पिअरचा, त्याची अर्थिंगची पिन रुंद असते. घरातला साधा पॉइंट १० अ‍ॅम्पिअरचा, त्यात तो जात नाही. पिन कानशीनं घासून बसवणारे लोक आहेत. हे बेकायदा आहे आणि यजमानाच्या भिंतीतली वायर त्यानं जळू शकते. १० अ‍ॅम्पिअरचा ब्रेकर आणि आरसीडी (वीजगळती झाली की प्रवाह तोडणारा खटका) असलेलं प्रमाणित अ‍ॅडॅप्टर बाजारात मिळतं, तेच वापरा. मग हिशेब असा: १० अ‍ॅम्पिअर म्हणजे सुमारे २,३०० वॅट. किटली एकटीच २,००० ते २,४०० खाते. एसी चालू असताना किटली किंवा इंडक्शन लावलं की ब्रेकर पडणार. एसी बंद करून चहा करा. एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडून टाका, गुंडाळलेली वायर तापून वितळते.

पाण्यासाठी खाण्यापिण्याला चालणारा पाइप, नळाशी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आणि फिल्टर. गावाबाहेरची घरं पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर वर्ष काढतात. तुमच्या दोन टाक्या भरल्या की त्यांचं १९० लिटर जातं, म्हणून गावातल्या नळावर भरूनच त्यांच्याकडे जा. बोअरचं पाणी टाकीत भरण्यापूर्वी पिण्याचं आहे का ते विचारा.

संडासाची कॅसेट (काढून नेता येणारी मैल्याची टाकी) साधारण १८ लिटरची, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती यजमानाच्या संडासात रिकामी करू नका. त्यातलं रसायन सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं आणि मग महिनाभर घरभर वास. जवळपास प्रत्येक गावात फुकट डम्प पॉइंट असतो, तिथे जाऊन या. भांड्यांचं सांडपाणी झाडांना सोडायचं का हेही त्यांनाच विचारायचं.

स्वयंपाक

तांदूळ, तेल, कांदे-बटाटे, दही, चणे वाटेतल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतात. पोहे, तूरडाळ, गोडा मसाला, आमसुलं, भाजणी मेलबर्नहून घेऊन निघा, आणि भेट म्हणूनही हेच न्या. ज्या गावात भारतीय दुकान नाही तिथल्या वहिनीला भाजणीचा किलो मिठाईपेक्षा जास्त हवा असतो.

फोडणी कॅरव्हॅनच्या आत दिली की धुराचा अलार्म वाजतो आणि मोहरीचा, हिंगाचा वास गादीत आठवडाभर राहतो. फोडणी आणि थालीपीठ बाहेरच्या सरकत्या बार्बेक्यूवर करा. कुकरच्या वाफेनं छताला पाणी सुटतं, म्हणून वरची झडप उघडी ठेवा. थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्या दिवशी सरकारनं आगबंदी जाहीर केली असेल त्या दिवशी बाहेर काहीच पेटवायचं नाही.

वाट बदलून मिल्ड्युराहून साउथ ऑस्ट्रेलियाकडे वळणार असाल, तर स्टर्ट हायवेवर यांबा इथे चोवीस तास तपासणी असते. फळमाशीच्या बंदोबस्तासाठी तिथे फळं आणि बऱ्याच भाज्या पुढे नेऊ देत नाहीत आणि लपवली तर दंड होतो. आदल्या दिवशीच संपवा.

शेतावरच्या घरी

फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर आपल्यामागे बंद. फाटकावर जैवसुरक्षेचा फलक असेल तर आत जाण्याआधी फोन करा. तुमच्या टायरच्या मातीतून तणाचं बी आणि रोग दुसऱ्याच्या शेतात जातात, म्हणून आधीच्या गावात चाकं धुवून घ्या. वाळलेल्या उंच गवतावर डिझेल गाडी उभी करू नका. धुराड्यातला फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असतो तेव्हा खालचं गवत पेटतं. उंदीर वायरी आणि पाइपांच्या भोकांतून आत येतात (२०२१ मध्ये या भागात त्यांचा मोठा उच्छाद झाला होता), तेव्हा ती भोकं स्टीलच्या काथ्यानं बुजवा. बूट बाहेर काढून ठेवले तर घालण्यापूर्वी उलटे करून झटका.

कागदपत्रं आणि फोन

भारतातून आलेल्या आई-वडिलांपैकी कोणी गाडी चालवणार असेल तर परदेशी लायसन्सवर किती काळ चालवता येतं हे राज्याराज्यात वेगळं आहे, आणि विमा कंपनीला त्यांचं नाव आधी कळवलेलं हवं. भाड्याच्या कॅरव्हॅनला कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक करार मनाई करतात, आणि शेतावरचा ड्राइव्हवे कच्चाच असतो. ते लेखी विचारून घ्या. भारताशी मेडिकेअरचा (ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्यसेवेचा) करार नाही, म्हणून पाहुण्यांचा आरोग्य विमा हवाच. गावांच्या मधल्या पट्ट्यात टेल्स्ट्राचं जाळं इतरांपेक्षा दूरवर पोचतं, दोघांपैकी एकाचा फोन तरी त्यावर असावा. आणीबाणीला ०००, पुरात किंवा वादळात अडकलात तर एसईएस (राज्याची आपत्कालीन सेवा) १३२ ५००. 'इमर्जन्सी प्लस' हे अ‍ॅप फोनवर आधीच घ्या. आपण नेमके कुठे आहोत हे ते दाखवतं, आणि दोन गावांच्या मध्ये उभं असताना ०००वर पहिला प्रश्न तोच विचारतात.